पुन्हा उघडलेला गुडघा

प्रस्तावना

मुळशीतल्या जांब्यात राहायला आल्यापासून मी एक प्रश्न गमतीने अनेकांना विचारत आलो आहे : कुत्र्याचा गुडघा कुठे असतो? उसाच्या राखणीला कुत्री पाळणारे गावकरी असोत, की हिंजवडीत नोकरी करून अकराव्या मजल्यावर लॅब्रॅडॉर सांभाळणारी तरुण जोडपी असोत, बोट जाते ते मागच्या पायाच्या खालच्या, मागे टोक काढलेल्या सांध्यावर. तो कुत्र्याचा घोटा, आणि ते टोक म्हणजे त्याची टाच. कुत्रे जन्मभर चवड्यांवर चालते, म्हणून टाच अधांतरी. गुडघा त्याच्या बराच वर, पोटाच्या कातडीची घडी मांडीला मिळते तिथे, केसांत झाकलेला असतो. त्याला आपल्यासारखीच वाटी असते आणि ती आपल्यासारखीच पुढे असते. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री लहानपणापासून पाहिलेल्या आपल्या समाजाला त्यांच्या सोळा पायांतला एकही गुडघा दाखवता येऊ नये, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. जे दुखल्याशिवाय दिसत नाही, ते कोण कशाला पाहील?

हे पुस्तक त्या झाकलेल्या सांध्याविषयी आहे, आणि त्यातही एका अडनिड्या प्रसंगाविषयी. गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे, टाके निघालेले आहेत, बिल भरून झालेले आहे, महिने उलटलेले आहेत, आणि कुत्रे अजून लंगडते आहे. आता पुढे काय? गुडघा पुन्हा उघडायचा का, आणि उघडला तर आत काय शोधायचे? शस्त्रक्रियेच्या ग्रंथांत याला रिव्हिजन सर्जरी म्हणतात. मी ‘फेरशस्त्रक्रिया’ हा शब्द वापरला आहे. आमच्या गावात सध्या ‘फेर’ म्हटले की लोकांना तलाठ्याकडचा फेरफारच आठवतो, इतक्या वेगाने जमिनींची नावे बदलत आहेत. तरीही शब्द तोच ठेवला, कारण त्यात फेरतपासणी आणि फेरविचार हे दोन्ही आपोआप ऐकू येतात. या विषयात सुरी तिसरी येते. आधी ते दोन.

विषय मराठीत का लिहावा, असे एका स्नेह्यांनी विचारले. प्लेट, स्क्रू, एक्स-रे हे सगळे शब्द बाहेरचेच, मग वाक्य तरी मराठी कशाला? माझे उत्तर असे, की कुत्रे आपले दुखणे सांगत नाही. ते सांगतो त्याचा माणूस, आणि तो मराठीत सांगतो. ‘लंगडतो’ हा एक शब्द आपण केसपेपरवर लिहून मोकळे होतो; पण समोरचा माणूस त्याआधी कितीतरी अधिक बोलून गेलेला असतो. ‘पाय टेकतंय, पन भार देत न्हाय,’ असे शेतावरचे आजोबा म्हणतात, तेव्हा त्यांनी दोन निराळ्या गोष्टी निराळ्या सांगितलेल्या असतात. ‘उठताना आखडतो, चार पावलं चालला की मोकळा होतो’ हे जुन्या संधिवाताचे बोलणे. ‘धावता धावता मध्येच पाय उचलतो, दोन उड्या तीन पायांवर मारतो आणि मग काही झालंच नाही असा पळतो’ हे गुडघ्याची वाटी सरकण्याचे बोलणे. पोमेरेनियनसारख्या लहान जातींत ते फार ऐकू येते. ‘बसताना पाय बाजूला टाकतो’ म्हणजे गुडघा पूर्ण दुमडायला नको आहे. ‘मांडी सुकली’ म्हणजे पाय आज-कालचा दुखरा नाही, आठवडे झाले. आणि ‘चालताना कट् वाजतं’ हे तर इतके मोलाचे वाक्य आहे, की त्याच्यासाठी पुढे मी एक परिच्छेद खर्ची घातला आहे. या बोलीचे नीट वर्गीकरण केले तर अर्धे निदान टेबलावर चढण्याआधी होते. पहिल्या प्रकरणात मी तेच केले आहे.

आता सांध्यात शिरू. मांडीचे हाड वर, नडगीचे हाड खाली, आणि दोघांना आतून बांधणारे दोन अस्थिबंध एकमेकांना फुली मारून जाणारे. क्रुसासारखे म्हणून त्यांना क्रुसिएट म्हणतात. यातला पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही. कुत्र्याच्या मागच्या पायाच्या लंगडेपणाचे सर्वांत मोठे एकटे कारण म्हणजे या पुढच्या बंधाचे तुटणे. माणसात हा बंध बहुधा खेळाच्या मैदानावर, एका झटक्यात तुटतो. कुत्र्यात तो बहुतेक वेळा झिजत जातो; दोराचे पीळ एकेक सुटावेत तसा आणि शेवटी एखाद्या क्षुल्लक उडीत जातो. मालक म्हणतो, ‘सोफ्यावरून उडी मारली आणि लंगडायला लागला.’ सोफा निरपराध असतो. दोर महिन्यांपूर्वीच विरला होता. दोन्ही गुडघ्यांत हेच चाललेले असते, म्हणून एका बाजूचा बंध तुटलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचा दुसऱ्या बाजूचाही पुढेमागे तुटतो. फेरशस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ‘ऑपरेशन फसलं, अजून लंगडतोय’ म्हणून आणलेले कुत्रे कधीकधी दुसऱ्याच पायाने लंगडत असते.

बंध तुटल्यावर नडगी पुढे का सरकते? कुत्र्याच्या नडगीचा माथा सपाट नसतो. तो मागे उतरता असतो, साधारण २४-२५ अंशांनी. ताम्हिणी घाटात चढणीवर बंद पडलेला ट्रक आठवा. चाकामागे दगड आहे तोवर ट्रक उभा. दगड निसटला की तो उतारावरून जाणारच, त्यात ट्रकचा दोष नाही. पुढचा क्रुसिएट बंध म्हणजे तो दगड. कुत्र्याने पायावर भार दिला, की मांडीचे हाड उतारावरून मागे घसरते आणि नडगी पुढे ढकलली जाते. या विषयातल्या शस्त्रक्रियांचा सारा इतिहास या एका चित्रात बसतो. काहींनी दगडाच्या जागी नवा दगड ठेवला, काहींनी ट्रक दोराने बांधला, आणि एकाने घाटच सपाट केला.

कुत्र्यातल्या या दुखापतीचे वर्णन १९२६ मध्ये कार्लिन याने केले. पण शस्त्रक्रियेचा खरा आरंभ फिनलंडच्या साकी पात्सामा यांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या प्रबंधापासून धरतात. मांडीवरच्या पांढऱ्या चिवट पडद्याची एक पट्टी काढून, हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवून, त्यांनी तुटलेल्या बंधाच्या जागी नवा बंध बसवला. कल्पना माणसांच्या शल्यचिकित्सेतून आलेली होती. १९७० मध्ये डीअँजेलिस आणि लाऊ यांनी सांध्याच्या आत न जाता बाहेरून टाके घेऊन गुडघा आवळण्याची पद्धत मांडली. हाच तो दोर. पुढे त्यासाठी जाड नायलॉन रूढ झाला, मासेमारीच्या गळाला लावतात त्या जातीचा. ऐकणाऱ्याला हसू येते. पण स्वस्त, साधा आणि लहान कुत्र्यांत पुष्कळदा पुरेसा असा हा उपाय अजून टिकून आहे. दोर कालांतराने ढिला होतो किंवा तुटतो, हे त्याच्या टीकाकारांइतकेच त्याच्या समर्थकांनाही ठाऊक असते. तोवर सांध्याभोवती जो घट्ट जाड थर तयार होतो, त्याच्या भरवशावर कुत्रे चालते.

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातले बार्कली स्लोकम हे या कथेतले सर्वांत विलक्षण पात्र. १९८३ मध्ये थेरेसा डिव्हाइन यांच्यासह त्यांनी नडगीला पुढे ढकलणाऱ्या त्या जोराचे वर्णन केले. बंध हा त्या जोराविरुद्धचा एक अडसर आहे, तेव्हा अडसराऐवजी जोरालाच हात घालावा, असा त्यांचा विचार. १९९३ मध्ये त्यांनी टीपीएलओ ही शस्त्रक्रिया मांडली. वर्तुळाकार करवतीने नडगीचा माथा कापायचा, तो फिरवून उतार पाच-सहा अंशांवर आणायचा आणि प्लेट-स्क्रूंनी पक्का करायचा. बंध तुटलेलाच राहतो. फक्त त्याची गरज उरत नाही. स्लोकम यांनी पेटंट घेतले होते आणि त्यांच्याकडे शिकल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करता येत नसे. त्यावर त्या काळी बरीच चिडचिड झाली. मला विचाराल तर कल्पना त्या चिडचिडीहून मोठी होती. २००२ मध्ये झुरिकच्या मोंटाव्हॉन, दामूर आणि टेपिच यांनी तोच जोर दुसऱ्या युक्तीने मोडला. त्यांनी नडगीचा पुढचा उंचवटा पुढे सरकवला. त्याला टीटीए म्हणतात.

कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद विद्यार्थ्यांना फार आवडतो. २०१३ मध्ये ८० कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, निवड न करता, काहींना टीपीएलओ आणि काहींना बाहेरचा टाका दिला होता, आणि वर्षभर त्यांचा पाय किती भार घेतो ते मोजले होते. टीपीएलओची कुत्री सरस ठरली. दहापैकी नऊ किंवा अधिक गुण देणारे मालक तिकडे ९३ टक्के होते, टाक्याच्या गटात ७५ टक्के. मोठ्या कुत्र्यात मी स्वतः या निकालाच्या बाजूने आहे. पण त्याच आकड्यांची उलटी बाजू वाचा. उत्तमातल्या उत्तम पद्धतीतही काही मालक पूर्ण समाधानी नसतात. या पुस्तकाचा वाचक त्या उरलेल्यांकडे पाहणारा आहे. त्याचे मी मनापासून स्वागत करतो, कारण यशस्वी ऑपरेशनांच्या सभेत गर्दी असते आणि या खोलीत खुर्च्या रिकाम्या.

तर उरलेल्या लंगडेपणाकडे कसे पाहावे? माझा पहिला प्रश्न एकच असतो आणि तो मी एक्स-रे हातात घेण्याआधी विचारतो : मध्ये कधी सुधारले होते का? तीन उत्तरे येतात आणि तिन्ही तीन दिशांना नेतात. ‘छान चालायला लागला होता, मग एके दिवशी अचानक पाय उचलला’ म्हणजे बहुधा सांध्यातली गादी फाटली. ‘बरा होता, हळूहळू पुन्हा बिघडत गेला’ म्हणजे प्लेटभोवती जंतू आहेत का, सैल पडलेला स्क्रू आहे का, संधिवात वाढला आहे का, हे पाहायचे. आणि ‘एक दिवससुद्धा बरा नव्हता’ हे उत्तर सर्वांत अवघड, कारण मग शंका पहिल्या निदानावरच घ्यावी लागते.

गादी म्हणजे मेनिस्कस, दोन हाडांच्या मध्ये बसलेली कूर्चेची चंद्रकोर. बाहेरची थोडी मोकळी असते, हाडाबरोबर सरकते आणि वाचते. आतली नडगीला घट्ट चिकटलेली असते. नडगी पुढे सरकली की तिचे मागचे टोक जात्याच्या दोन दगडांत दाणा सापडावा तसे सापडते आणि भरडते. कधी ती उभी चिरते आणि चिरलेला भाग बादलीच्या कडीसारखा पुढे उलटतो. तो जागेवरून सरकताना आवाज येतो. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी गादी धड असू शकते आणि महिन्यांनी फाटू शकते. किंवा तेव्हाच फाटलेली असते आणि दिसत नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहून ‘गादी ठीक’ असे लिहू नये. बोथट हुकाने ती चाचपावी, उचलून पाहावी. दुर्बिणीने पाहता आले तर उत्तमच. या दुसऱ्या ऑपरेशनात करायचे काम थोडे असते. फाटलेला तुकडा काढायचा, बाकीची गादी राखायची. आणि फळ मोठे मिळते. फेरशस्त्रक्रियेच्या सबंध क्षेत्रात इतक्या लवकर हसणारे कुत्रे मी दुसऱ्या कारणात पाहिलेले नाही.

म्हणूनच माझी एक चूक इथे लिहून ठेवतो. वयस्कर लॅब्रॅडॉर कुत्री होती, नायलॉनचा टाका मीच घातलेला. पाचव्या महिन्यात घरच्या आजी म्हणाल्या, ‘डाक्टर, चालताना कट् वाजतंय तिचं.’ माझ्या टेबलावर वाजले नाही. भुलीशिवाय, घाबरून ताठलेल्या पायात ते वाजणार कसे? मी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि वजन कमी करायला सांगितले. सात आठवड्यांनी दुसऱ्या कामासाठी भूल दिलेली असताना गुडघा सहज वाकवला आणि तो आवाज माझ्या बोटांना लागला. आत बादलीची कडी उलटलेली होती. सात आठवडे ती कुत्री फाटकी गादी घेऊन चालली, कारण एका म्हातारीने सांगितलेले ऐकण्याइतका मी मोकळा नव्हतो.

दुसरी चूक उलट्या जातीची, आणि ती मला अजून अधिक टोचते. एक रॉटवायलर, दुसरीकडे ऑपरेशन झालेला, सुधारणा शून्य. मालक थकलेले, मी उत्साही. जुन्या एक्स-रेवर प्लेट थोडी वाकडी वाटली आणि मी गुडघा उघडला. आत सगळे स्थिर होते, गादी शाबूत होती. दीड महिन्याने मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला हाडाचा कर्करोग स्पष्ट दिसला. मोठ्या कुत्र्यांत हा रोग गुडघ्याच्या जवळच्या हाडांत घर करतो, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवत होतो. गुडघा उघडण्याआधी नवीन एक्स-रेही काढला होता; पण डोळे प्लेटवर खिळलेले होते, प्लेटच्या पलीकडे चार बोटे वर पाहायचे राहून गेले. तेव्हापासून मी फिल्म आधी कडेने पाहतो, मध्य शेवटी.

बाकीची कारणे मी इथे भराभर सांगतो, कारण त्यांची प्रकरणे पुढे आहेत. कंबरेचा सांधा आणि कण्याचा खालचा भाग हे गुडघ्याच्या नावाखाली लपून बसणारे नेहमीचे गुन्हेगार. टीपीएलओनंतर काही कुत्र्यांत भार देताना नडगी आत वळते आणि गुडघा एकदम बाहेर झोके खातो. चित्रफीत सावकाश पाहिली तरच ते दिसते. वाटी सरकण्यावरचे ऑपरेशन फसते ते पुष्कळदा खाच पुरेशी खोल न केल्याने किंवा नडगीचा उंचवटा योग्य जागी न हलवल्याने. स्क्रू सांध्यात गेलेला असणे हे लाजिरवाणे कारण आहे, पण आहे.

आणि एक कारण परदेशी ग्रंथांत कोपऱ्यात असते, आपल्याकडे ते दारातच उभे असते. ते म्हणजे गोचीड ताप. गोचिडांतून येणारा एर्लिकिया हा जंतू अनेक सांधे एकदम सुजवू शकतो. ऑपरेशन झालेला गुडघा आधीच सर्वांच्या नजरेत असतो, म्हणून दोष त्याच्याच माथी येतो. मुळशीसारख्या भागात, जिथे सोसायटीच्या भिंतीपलीकडे गोठा आहे आणि भटकी कुत्री दोन्हीकडे ये-जा करतात, तिथे दुसऱ्या ऑपरेशनाआधी रक्त तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. चारही पायांचे सांधे चाचपावेत. सुईने सांध्यातले पाणी काढून पाहावे. निरोगी पाणी थोडेसेच निघते, अंड्याच्या पांढऱ्यासारखे, आणि दोन बोटांत धरले तर एकतारी पाकासारखी तार येते. ते पातळ, गढूळ आले आणि तार तुटली, की सांधा आजारी आहे हे प्रयोगशाळेच्या आधी बोटांना कळते; जंतू की दुसरे काही, ते मग प्रयोगशाळा सांगते.

जंतूंविषयी दोन वाक्ये. कुत्र्याच्या कातडीवर नांदणारा एक स्टॅफिलोकॉकस प्लेटवर जाऊन बसला, की स्वतःभोवती शेवाळासारखा बुळबुळीत थर बांधतो आणि त्या थराखाली प्रतिजैविके नीट पोचत नाहीत. औषध चालू असेतो कुत्रे बरे, बंद केले की पुन्हा लंगडे, असे चक्र दिसले तर गोळी बदलत बसू नये. पाणी प्रयोगशाळेत पाठवून जंतू आणि औषध ओळखावे, हाड जुळेपर्यंत थांबावे आणि मग प्लेट काढावी. जुळलेल्या हाडाला प्लेटची गरज नसते, हे मालकाला समजावणे हेच त्यातले अवघड काम. ‘एवढ्या पैशांची घातलेली प्लेट काढायची?’ हा प्रश्न मला दर वेळी येतो, आणि दर वेळी मला त्या माणसाविषयी माया वाटते.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाला जुने घर आहे. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ मध्ये सुरू झाले आणि त्याला लागून १८८६ मध्ये बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज. तो काळ ट्रामचे घोडे आणि गाडीचे बैल यांचा. पाय म्हणजे रोजगार, आणि लंगडे जनावर म्हणजे बुडालेला दिवस. लंगडेपणा ओळखण्याची आपली परंपरा घोड्यांवर घडली, कुत्री तिच्यात फार उशिरा आली. १९५८ मध्ये नागपूरचे महाविद्यालय आले, १९८८ मध्ये पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळचे, आणि २००० मध्ये ही सारी माफसू विद्यापीठाखाली एकत्र आली. जांब्याहून महामार्गाला लागले की शिरवळ एका सकाळचे अंतर. माझ्या पिढीत कुत्र्याच्या गुडघ्याला तिथे पोचायचे तर मालकाला आधी हसे सोसावे लागे. ‘कुत्र्याचं ऑपरेशन? दुसरं?’

या प्रश्नाचे उत्तर ज्या घटनेने माझ्या मनात कायमचे दिले, ती मुंबईची आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी, त्याआधी, रतन टाटा यांनी एका मुलाखतीत त्यामागची गोष्ट सांगितली होती. आपल्या कुत्र्याचा सांधा बदलण्यासाठी ते त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात घेऊन गेले होते. पण उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांधा बदलला नाही. तो एका ठरावीक स्थितीत कायमचा जखडून टाकला. तिथे काय करता येते ते पाहिल्यावर मुंबईतही असे रुग्णालय हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. रुग्णालय उभे राहिलेले त्यांना पाहता आले.

ही गोष्ट लोक देणगीची म्हणून सांगतात. मी ती ‘उशीर’ या शब्दासाठी सांगतो. सांधा जखडणे ही हार समजू नये. ती शस्त्रक्रिया कठीण आहे आणि नीट केली तर वेदना संपवते. गुडघा जखडायचा झाला तर तो कुत्र्याच्या उभे राहण्याच्या कोनात, साधारण १३५ ते १४० अंशांत, पक्का करतात. मग कुत्रे पाय बाहेरून फिरवत टाकते. कुत्र्यात गुडघाबदल आता जगात होतो, मोजक्या ठिकाणी. आणि शेवटचा उपाय पाय काढण्याचा. तीन पायांचे कुत्रे आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ आनंदात जगते. रडतो तो माणूस. पण हे तिन्ही उपाय रांगेच्या टोकाचे आहेत, आणि रांगेत तिथवर पोचायला बहुधा आपण फेरविचाराला लावलेला वेळ कारण असतो.

दुसरे ऑपरेशन करू नये असे मी जितक्यांना सांगितले, त्यांची संख्या केलेल्यांहून मोठी आहे, आणि याबद्दल मला संकोच नाही. १९८४ मध्ये व्हॅसर यांनी ऑपरेशनच न केलेल्या कुत्र्यांचा मागोवा घेतला होता. १५ किलोंपर्यंतच्या कुत्र्यांपैकी सुमारे ८५ टक्के काही महिन्यांत बरी किंवा सुधारलेली होती. त्याहून जड कुत्र्यांत हे प्रमाण १९ टक्क्यांवर आले. वजन हा या विषयाचा न बोललेला नायक आहे. ४८ लॅब्रॅडॉरांच्या एका दीर्घ अभ्यासात, ज्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले, ती जवळपास दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांचा संधिवातही उशिरा आला. आमच्याकडे दूध-चपाती, वर चहाबरोबरची बिस्किटे, वर ‘तो बघतोय ना तोंडाकडे’ म्हणून दिलेला घास. प्लेट बदलण्याआधी ताट बदलून पाहा, असे मी सांगतो, तेव्हा लोक हसतात आणि मग विषय बदलतात. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर सतरंज्या अंथरा म्हटले तर मात्र लगेच अंथरतात. तेवढे तरी होते.

नसबंदीच्या वयाचा प्रश्नही मी टाळलेला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोल्डन रिट्रीव्हरांच्या अभ्यासात, वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांत ५ टक्के आणि माद्यांत ८ टक्के कुत्र्यांचा हा बंध तुटलेला आढळला. नसबंदी न झालेल्यांत एकाचाही नाही. यावरून भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीविरुद्ध युक्तिवाद करणाऱ्यांनी हे पुस्तक खाली ठेवावे. रस्त्यावरच्या कुत्र्याचा प्रश्न गुडघ्याचा नाही. पण घरात मोठ्या जातीचे पिल्लू आणणाऱ्याने वयाबद्दल डॉक्टरांशी बोलून ठरवावे, इतके त्यातून निघते.

या क्षेत्रात येणाऱ्या तरुण पशुवैद्याला एक इशारा देऊन ठेवतो. समोर आलेले कुत्रे दुसऱ्या कुणीतरी ऑपरेशन केलेले असेल. मालक चिडलेला असेल आणि तुमच्याकडून आधीच्या डॉक्टरांविरुद्ध एक वाक्य मिळावे, अशी त्याची अपेक्षा असेल. ते वाक्य देऊ नका. त्या डॉक्टरांना फोन करा, काय दिसले होते ते विचारा. मला असे फोन आले आहेत आणि मी असे केले आहेत. दोन्ही वेळा पहिले मिनिट अवघडलेले गेले आणि पुढची वीस मिनिटे दोघांच्या उपयोगाची. गादी चाचपली होती का, कुठली बाजू होती, जंतू कोणते मिळाले होते, या गोष्टी कुठल्याही एक्स-रेवर दिसत नाहीत.

आणि कुत्र्याच्या मालकांना, जे कदाचित हे पुस्तक मधूनच उघडतील, एक विनंती. पहिल्या ऑपरेशनाआधीचे आणि नंतरचे एक्स-रे, ऑपरेशनची टिपणे, रक्ताचे रिपोर्ट, दिलेल्या औषधांची नावे आणि कुत्रे चालतानाची मोबाइलवरची एखादी चित्रफीत हे सगळे एका पिशवीत घालून ठेवा. घर बदलताना, माळा आवरताना ती पिशवी टाकून देऊ नका. कुत्रे पुन्हा लंगडायला लागले तर ज्या कुणा डॉक्टरकडे जाल, तिथे जाताना ती घेऊन जा.

जांबे, ता. मुळशी, जि. पुणे